पदवी मोठी की नियम? नोकरभरतीतील अर्हतेच्या वादांवर वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि नगरपरिषदांमधील नोकरभरतीविषयी आहेत. परीक्षेत चांगले गुण मिळाले, तात्पुरत्या निवड यादीत नावही आले आणि कागदपत्र पडताळणीच्या दिवशी नावापुढे ‘अर्हता जुळत नाही’ असा शेरा पडला, ही त्यांतील बहुतेकांची कहाणी आहे. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. उत्तरे पत्रांतील माहितीवर आधारलेली आहेत. मूळ कागद पाहिल्यावर एखाद्या उत्तराला वेगळे वळण लागू शकते. पत्रलेखकांची आणि संबंधित कार्यालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली आहे. बारावीनंतर थेट पदवीला प्रवेश घेतल्यामुळे पदविका केलेली नाही. एका महानगरपालिकेच्या कनिष्ठ अभियंता पदाच्या जाहिरातीत ‘स्थापत्य अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका किंवा तिच्याशी समतुल्य अर्हता’ असे लिहिले होते. ऑनलाइन अर्ज स्वीकारला गेला, शुल्क घेतले गेले, परीक्षाही झाली. पडताळणीच्या वेळी मात्र पदविका नाही म्हणून मला अपात्र ठरवले. पदवी ही पदविकेपेक्षा मोठी नाही काय?
— एक वाचक, हातकणंगले

उत्तर : मोठी आहे, आणि तरीही तुम्ही अपात्र ठरू शकता. ही गोष्ट पचायला जड आहे. माझ्या वकिली कार्यालयात बसून कित्येक वडिलांनी हाच प्रश्न टेबलावर हात आपटून विचारला आहे. परंतु कोणती अर्हता मोठी, हा न्यायालयापुढचा प्रश्न नसतो. सेवाप्रवेश नियमांनी, म्हणजे त्या पदाच्या भरतीसाठी ठरवलेल्या नियमांनी, कोणती अर्हता मागितली होती आणि ती ठरलेल्या दिवशी उमेदवाराजवळ होती की नव्हती, एवढेच तेथे पाहिले जाते.

जम्मू-काश्मीरमधील वीज खात्याच्या तंत्रज्ञ पदासाठी दहावी आणि संबंधित शाखेचे आयटीआय प्रमाणपत्र अशी अर्हता ठेवली होती. अभियांत्रिकीच्या पदविकाधारकांनी आपली अर्हता त्याहून वरची असल्याचा दावा केला. जहूर अहमद राथर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो दावा फेटाळला. वरच्या अर्हतेत खालची अर्हता सामावलेली आहे असे मानायचे असेल, तर तसे नियमातच म्हटलेले असले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. कामाचे स्वरूप, त्यासाठी लागणारा कल, अभ्यासक्रमाचा आशय यांचा विचार करून अर्हता ठरवण्याचा अधिकार नियोक्त्याचा आहे. इतकेच नव्हे, तर समाजाच्या निरनिराळ्या स्तरांतील लोकांना रोजगाराच्या संधी मिळाव्यात हा हेतूही सरकार बाळगू शकते, असे त्या निकालात म्हटले आहे. हा शेवटचा मुद्दा पदवीधरांना अन्यायाचा वाटतो. आयटीआय करून वायरमनची नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले तर तो तसा वाटत नाही.

याच्या उलट निकालही आहेत, आणि तुमची आशा त्यांत आहे. केरळमधील वीज मंडळाच्या उपअभियंता पदाला पदविका मागितली होती आणि न्यायालयाने पदवीधरांना पात्र धरले. त्याचे कारण असे की, ज्या वरच्या अर्हतेत खालची अर्हता गृहीत असते ती पुरेशी मानावी, असा स्पष्ट नियम त्या राज्यात होता. हिमाचल प्रदेश वीज मंडळाच्या कनिष्ठ अभियंता पदाच्या वादात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने पदवीधरांच्या बाजूने कौल दिला, तोही नियमांच्या आधारेच. वरच्या पदावर बढती देताना कनिष्ठ अभियंत्यांपैकी पदवीधारकांचा वेगळा विचार करण्याची तरतूद तेथे होती. पदवीधराला कनिष्ठ अभियंता होताच येत नसेल तर अशा तरतुदीला अर्थ उरत नाही.

म्हणून तुमचे पहिले काम जाहिरात पुन्हा पुन्हा वाचण्याचे नाही. त्या महानगरपालिकेचे शासनमान्य सेवाप्रवेश नियम मिळवावेत आणि त्यांत केवळ कनिष्ठ अभियंता पदाचीच नव्हे, तर त्याच्या वरच्या पदाची बढतीची तरतूदही वाचावी. तेथे ‘पदवीधारक कनिष्ठ अभियंता’ असा उल्लेख सापडला, तर हिमाचलचा निकाल तुमच्या उपयोगी पडेल. नियमात ‘समतुल्य’ हा शब्द असेल तर पुढचा प्रश्न असा येतो की समतुल्यता कोणी ठरवायची. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने भरावयाच्या औषध निरीक्षक आणि औषध विभागाच्या सहायक आयुक्त या पदांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी त्याचे उत्तर दिले आहे. अत्यावश्यक अर्हता ठरवणे आणि तिच्याशी काय समकक्ष आहे हे पाहणे न्यायालयाचे काम नाही. जाहिरातीत संदिग्धता असेल किंवा ती नियमाविरुद्ध असेल, तर प्रकरण नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे परत गेले पाहिजे. न्यायालयाने त्याच्या खुर्चीत बसू नये, असे त्या निकालाचे म्हणणे आहे.

याचा व्यवहारातला अर्थ समजून घ्या. ‘मला नेमणूक द्या’ असा आदेश मागण्यापेक्षा, ‘समतुल्य’ या शब्दाचा काय अर्थ लावला आणि माझी पदवी त्यात का बसत नाही, यावर कारणांसहित निर्णय द्या आणि तोवर एक पद रिक्त ठेवा, अशी मागणी अधिक टिकते. पत्रासोबत पाठवलेल्या शेऱ्यात ‘पदविका नाही’ यापलीकडे एक शब्दही नाही, म्हणजे समतुल्यतेचा विचार झाल्याचे कागदावर दिसत नाही. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला हाच सर्वांत बळकट मुद्दा आहे. संगणकाने अर्ज स्वीकारला, या गोष्टीला मात्र फारसा अर्थ नाही. भरलेल्या माहितीची खातरजमा ती प्रणाली करीत नाही, आणि ‘पडताळणीत अपात्र आढळल्यास उमेदवारी रद्द होईल’ ही ओळ प्रत्येक जाहिरातीत असतेच.

ग्रामसेवक पदाबद्दल आलेल्या तीन पत्रांनाही हेच उत्तर लागू आहे. बारावीला किमान ६० टक्के गुण ही तेथील एक पर्यायी अर्हता आहे. बारावीला ५७ टक्के आणि बी.ए.ला ७२ टक्के असतील, तर बी.ए.चे गुण बारावीच्या खात्यात जमा होत नाहीत. अभियांत्रिकी पदविका, समाजकार्याची पदवी किंवा कृषी शिक्षण अशा अन्य पर्यायांपैकी एखादा तुमच्याजवळ आहे का, ते पाहावे.

प्रश्न : अर्जाच्या अंतिम दिनांकानंतर अकरा दिवसांनी माझ्या पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागला. लेखी परीक्षा त्यानंतर चार महिन्यांनी झाली. परीक्षेच्या दिवशी मी पदवीधर होते. मला अपात्र कसे ठरवता येईल?
— एक वाचक, कागल

उत्तर : अर्हता कोणत्या दिवशी असावी हे नियमात दिले असेल तर तो दिवस, नियम मूक असेल तर जाहिरातीत दिलेला दिवस, आणि दोन्हीकडे काही नसेल तर अर्ज स्वीकारण्याचा अंतिम दिवस. हा क्रम आता पक्का झाला आहे. ज्या प्रकरणावरून यासंबंधीचा कायदा स्थिरावला त्याची हकिगत तुमच्यासारखीच आहे. १९८२ साली कनिष्ठ अभियंत्यांच्या भरतीत अर्जाचा अंतिम दिवस १५ जुलै होता, तेहतीस उमेदवारांचे निकाल २१ ऑगस्टला लागले आणि मुलाखती २४ ऑगस्टपासून सुरू झाल्या. मुलाखतीच्या दिवशी ते सगळे अर्हताधारक होते. तरीही १९९७ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की त्यांना मुलाखतीला बसू देणेच चुकीचे होते. यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. निकाल लागायचा आहे म्हणून ज्यांनी प्रामाणिकपणे अर्जच केला नाही, त्यांच्यावर अन्याय कशाला?

तुमच्या पत्रात मात्र एक गोष्ट संदिग्ध आहे. निकाल जाहीर झाला अकरा दिवसांनी, की गुणपत्रिका हातात आली अकरा दिवसांनी? निकाल आधीच जाहीर झाला असेल आणि केवळ कागद उशिरा मिळाला असेल, तर चित्र बदलते. पात्रता असणे वेगळे आणि पात्रतेचा पुरावा सादर करणे वेगळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच केला आहे आणि पुराव्याच्या बाबतीत थोडी सवलत मिळू शकते. निकाल संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्याचा दिनांक विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. तो अंतिम दिनांकानंतरचा निघाला, तर या भरतीचा नाद सोडून पुढच्या जाहिरातीची तयारी करणे शहाणपणाचे होईल.

प्रश्न : लिपिक पदाच्या जाहिरातीत मराठी टंकलेखन प्रतिमिनिट ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द, यांपैकी एक प्रमाणपत्र मागितले होते. लेखी परीक्षा झाल्यावर शुद्धिपत्रक निघाले आणि त्यात ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आले. हे चालते का?
— दोन मैत्रिणी, गडहिंग्लज

उत्तर : एका शब्दाने इतकी उलथापालथ करणारे शुद्धिपत्रक मी तरी बऱ्याच दिवसांत पाहिलेले नाही. भरतीची प्रक्रिया जाहिरातीपासून सुरू होते आणि पदे भरल्यावर संपते. सुरुवातीला जाहीर केलेले पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, जोपर्यंत नियम किंवा नियमांशी सुसंगत असलेली जाहिरातच तशी मुभा देत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेज प्रकाश पाठक प्रकरणात ७ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. मुभा असली तरी बदल मनमानी नसावा, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ च्या, म्हणजे समानतेच्या कसोटीला तो उतरला पाहिजे.

एक शक्यता मात्र तपासून घ्या. मूळ सेवाप्रवेश नियमातच ‘आणि’ असेल आणि जाहिरात छापताना ‘किंवा’ झाले असेल, तर शुद्धिपत्रकाने केवळ चूक सुधारली असे कार्यालय म्हणेल, आणि नियम व जाहिरात यांत विरोध आला की नियम वरचढ ठरतो. तेव्हा नियम पाहिल्याशिवाय वकिलाची फी भरू नका. दुसरे असे की, शुद्धिपत्रक निघूनही गप्प राहून पुढच्या टप्प्याला बसलात आणि नाव न आल्यावर तक्रार केलीत, तर ‘सगळे मान्य करून भाग घेतला, आता हरकत कसली’ हा आक्षेप येईल. १९९५ पासून न्यायालये तो आक्षेप उचलून धरत आली आहेत. उघड बेकायदेशीरपणा असेल तर भाग घेतलेल्या उमेदवारालाही दाद मागता येते, असे २०१९ च्या एका निकालात म्हटले आहे खरे. पण त्या अपवादावर भिस्त ठेवण्यापेक्षा हरकतीचा एक अर्ज आजच आवक-जावक विभागात देऊन पोच घेतलेली बरी.

प्रश्न : बी.एड. झाले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीसाठी चालेल का?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : नाही. बी.एड.धारकांना प्राथमिक स्तरावर पात्र धरणारी २८ जून २०१८ ची राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी रद्दबातल ठरवली आहे. त्या स्तरासाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते.

प्रश्न : माझा मुलगा आरोग्य सेवक पदावर हंगामी फवारणी कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या हिश्श्यातून लागला. त्याच्याकडे ९० दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र आहे. नोकरीला चौदा महिने झाल्यावर नोटीस आली की फेरपडताळणीत हजेरीपटावर ९० दिवस भरत नाहीत, म्हणून सेवा का समाप्त करू नये? त्याने काम केले आहे हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवर पंप पाठीला लावून फिरताना मी त्याला पाहिले आहे.
— एक वडील, शाहूवाडी

उत्तर : काका, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. या ९० दिवसांच्या अनुभवावर जितके वाद झाले, तितके आरोग्य विभागातील दुसऱ्या क्वचितच एखाद्या अटीवर झाले असतील. हिवताप प्रतिरोध कार्यक्रमात फवारणीसाठी घेतलेल्या मजुरांना पुढे नोकरीत वाव मिळावा, हा या अटीचा हेतू चांगला आहे. परंतु कामाची नोंद हजेरीपटावर, मजुरी कधी रोखीने तर कधी बँकेतून, आणि प्रमाणपत्र पुढे कित्येक वर्षांनी, अशा व्यवस्थेत खऱ्या माणसाचे काम नोंदीतून सुटते आणि न केलेल्या कामाचा दाखलाही कुणाला मिळून जातो. कार्यालये त्यामुळे सगळ्यांकडेच संशयाने पाहतात. म्हणून ‘मी पाहिले आहे’ याला कागदाची जोड द्यावी लागेल.

नोटिशीची मुदत चुकवू नका, ही पहिली गोष्ट. उत्तर देण्यापूर्वी ज्या हजेरीपटांच्या आधारे नोटीस दिली त्यांच्या प्रती लेखी मागा; ज्या कागदावर ठपका ठेवला तो न दाखवता निर्णय घेणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. मुलाचे बँकेचे पासबुक काढा आणि त्या हंगामातील मजुरीच्या नोंदींना खुणा करा. प्रमाणपत्र देणाऱ्या जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या कार्यालयातील जावक नोंदवहीत त्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. दिवस दोन वेगवेगळ्या हंगामांत किंवा दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांत विभागले गेले असतील, तर फेरपडताळणी करणाऱ्याने एकाच केंद्राचा पट पाहिला असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. ९० दिवस सलग हवेत की एकूण, हे जाहिरातीच्या शब्दांवरून ठरेल. तो उतारा उत्तरात जसाच्या तसा द्या.

मुलगा परिविक्षाधीन, म्हणजे अजून प्रोबेशनवर असेल तर कार्यालय ‘सेवेची आवश्यकता नाही’ असा साधा आदेश काढून मोकळे होण्याचा प्रयत्न करू शकते. परंतु सेवासमाप्तीचे खरे कारण ‘खोटे प्रमाणपत्र’ हे असेल, तर तो माणसाच्या नावाला लागणारा कलंक आहे आणि रीतसर चौकशीशिवाय तसे करता येत नाही. परिविक्षाधीन कर्मचाऱ्यालाही हे संरक्षण आहे. सेवेतून काढल्याचा शिक्षेचा आदेश झालाच, तर १९६४ च्या जिल्हा सेवा शिस्त व अपील नियमांखाली विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते का, हे आधी पाहावे लागेल.

आता एक कटू गोष्ट. दिवस खरोखरच भरत नसतील, तर चौदा महिन्यांची चांगली सेवा ही उणीव भरून काढणार नाही. नियुक्तीच्या प्रक्रियेतील अनियमितता काही वेळा माफ होते, मूळ पात्रतेचा अभाव होत नाही. आणि प्रमाणपत्र बनावट निघाले तर नोकरीबरोबर फौजदारी खटल्याचाही प्रश्न उभा राहतो. मुलाशी एकदा एकांतात, स्पष्ट बोला. वकिलाला भेटण्यापूर्वी हे बोलणे झालेले असावे.

प्रश्न : २००४ पासून मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका आहे. वय ४७. आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्या म्हणतात. आम्ही जुने शिक्षक यातून वगळलेले नव्हतो का?
— एक शिक्षिका, चंदगड

उत्तर : बाई, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला, टीईटीची अट २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने आली आणि आपल्या राज्यात पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. त्या अधिसूचनेत आधीच्या शिक्षकांना सवलत होती, म्हणून तुमचा समज चुकीचा नव्हता. परंतु महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निर्णय दिला की सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. पाच वर्षांहून कमी सेवा राहिलेले शिक्षक परीक्षेविना निवृत्तीपर्यंत काम करू शकतात, मात्र त्यांना बढती मिळणार नाही. तुमची सेवा अजून दहा वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे तुम्ही पहिल्या गटात येता. संघटनांच्या प्रयत्नांतून पुढे काही सवलत मिळाली तर आनंदच आहे; ती मिळेपर्यंत हा निकालच कायदा आहे, तेव्हा परीक्षेचा अर्ज भरून ठेवा. एकवीस वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाला पुन्हा पात्रता सिद्ध करायला लावणे कितपत योग्य, याविषयी माझे वैयक्तिक मत तुमच्याहून फार वेगळे नाही.

प्रश्न : मी महानगरपालिकेत काम करतो. वरचे पद २०१९ पासून रिकामे आहे. तेव्हाच्या नियमानुसार मी बढतीस पात्र होतो. बढती समितीची बैठक लांबत गेली आणि दरम्यान नियम बदलून पदवीची अट आली. पद जुन्या काळातले, मग नियमही जुनाच लावायला नको का?
— एक कर्मचारी (नाव व गाव न छापण्याची विनंती)

उत्तर : पूर्वी हा युक्तिवाद चालत असे. १९८३ च्या एका निकालाच्या आधारे, दुरुस्तीपूर्वी रिक्त झालेली पदे जुन्या नियमानेच भरावीत, असे कित्येक न्यायालयांनी म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी हिमाचल प्रदेशच्या एका प्रकरणात तो निकाल मोडीत काढला. विचार ज्या दिवशी होतो त्या दिवशी लागू असलेल्या नियमांनुसारच बढतीसाठी विचार होण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे, त्याहून अधिक काही नाही. अर्थात, नव्या नियमात ‘या नियमांपूर्वी उद्भवलेल्या रिक्त पदांना हे लागू होणार नाहीत’ अशी जपणूक करणारी तरतूद आहे का, ते पाहा. अशी तरतूद नियमाच्या शेवटच्या कलमात दडलेली असते आणि आस्थापना विभागाच्या नजरेतूनही सुटते. बैठक तुमच्या एखाद्या कनिष्ठाला झुकते माप देण्यासाठी मुद्दाम लांबवली, असा तुमचा आरोप पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. तो सिद्ध करण्यासाठी टिप्पणीतील शेरे हाती लागले तरच तो मांडा. नुसता संशय याचिकेत घातला की बाकीचे चांगले मुद्देही झाकोळतात.

प्रश्न : आमच्या गावच्या नगरपरिषदेतील एका अधिकाऱ्याकडे त्या पदाची पदवीच नाही अशी चर्चा आहे. मी उमेदवार नव्हतो, सामान्य करदाता आहे. मला न्यायालयात जाता येईल का?
— एक निवृत्त शिक्षक, पन्हाळा

उत्तर : गुरुजी, सेवाविषयक बाबींत जनहित याचिका चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ पासून सांगितले आहे. मात्र सार्वजनिक पदावर बसलेला माणूस कायद्याने ठरवलेली अर्हता नसताना तेथे बसला असेल, तर ‘तू कोणत्या अधिकाराने या पदावर आहेस’ असे विचारणारी को वॉरंटो याचिका कोणताही नागरिक करू शकतो. अट अशी की पद सार्वजनिक स्वरूपाचे असावे आणि भंग वैधानिक नियमाचा असावा. अधिकारी लायक आहे की नाही, हा तेथे प्रश्न नसतो.

गावातील चर्चा पुरावा नाही, म्हणून माहिती अधिकाराकडे वळावे लागेल, आणि तेथे वाट अरुंद आहे. कर्मचाऱ्याच्या सेवेचा तपशील ही वैयक्तिक माहिती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी भरतीतील उमेदवारांचे गुण उघड करण्याच्या बाजूने निर्णय दिला. परंतु वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील संबंधित कलमाचे शब्दच बदलले आहेत, त्यामुळे वैयक्तिक माहिती नाकारणे सोपे झाले आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) मधील व्यापक सार्वजनिक हिताचा आधार मात्र शिल्लक आहे. म्हणून अर्जात त्या व्यक्तीची गुणपत्रिका मागू नका. पदाचे सेवाप्रवेश नियम, नियुक्तीचा आदेश आणि पडताळणी झाल्याची टिप्पणी मागा, आणि सार्वजनिक हित कशात आहे ते दोन ओळींत लिहा. गल्लीतल्या भांडणाचा सूड म्हणून याचिका आणली असे न्यायालयाला दिसले, तर दंड भरावा लागतो, हेही मनात असू द्या.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या भरतीत मला अपात्र ठरवले, तर मी मॅटमध्ये जायचे की उच्च न्यायालयात? आणि कोल्हापुरात ते होईल का? मुंबईचा खर्च आम्हाला झेपत नाही.
— एक वाचक, गगनबावडा

उत्तर : नोकरी कोणाची, यावर हे ठरते. तलाठी, गटविकास अधिकारी यांसारखी पदे राज्य शासनाची आहेत; त्यांच्या भरतीचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे मॅटपुढे जातात. गटविकास अधिकारी पंचायत समितीत बसतो म्हणून तो जिल्हा परिषदेचा नोकर ठरत नाही. ग्रामसेवक, आरोग्य सेवक, जिल्हा परिषदेचा कनिष्ठ सहायक हे मात्र जिल्हा सेवेतले; त्यांची भरती १९६७ च्या जिल्हा सेवा प्रवेश नियमांखाली होते आणि त्यांच्या वादासाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयातच रिट याचिका करावी लागते. महानगरपालिकेच्या भरतीचेही तसेच. चुकीच्या दारात सहा महिने घालवून आलेली माणसे मी पाहिली आहेत.

मॅटची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तेथे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. रिट याचिकेला अशी आकड्यातली मुदत नाही, पण उशिराचे कारण विचारले जाते, आणि भरतीत उशीर म्हणजे दरम्यान दुसरा कोणी रुजू झालेला असणे. तुमचे पद जिल्हा परिषदेचे असल्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुखद आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते पीठ) कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. पक्षकाराला घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचे, सकाळी मुंबईत उतरून बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, प्रकरण न आल्याचे पाहायचे आणि संध्याकाळी परतीची गाडी धरायची, अशी माझ्या पिढीतील वकिलांची वर्षे गेली. तुम्ही सकाळच्या एस.टी.ने येऊन सीपीआर रुग्णालयासमोर, या न्यायालयाच्या दारातच उतराल.

येताना जाहिरातीची पूर्ण प्रत, शुद्धिपत्रके असल्यास तीही, भरलेल्या अर्जाची छापील प्रत, अपात्रतेचा शेरा आणि तुम्ही दिलेल्या हरकतीची पोच आणा. निवड यादीही आणा, कारण तुमच्या जागी ज्याची निवड झाली त्याला याचिकेत प्रतिवादी करावे लागते. त्याला न ऐकता त्याची नोकरी काढून घेणारा आदेश न्यायालय देत नाही, आणि एवढ्या एका चुकीपायी चांगली याचिका निकामी होते. यादी संकेतस्थळावरून फार दिवस राहत नाही, म्हणून ती आजच उतरवून घ्या.